दाराबाहेर न निघालेलं टेबल

तीन आठवडे दोघा भावांचं बोलणं बंद होतं, आणि तरी त्या दिवशी ते गाडीत शेजारी शेजारी बसले होते. मागची सीट आक्कानं अडवली होती. तिची काठी, तिची पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि उरलेल्या कोपऱ्यात वहिनी. म्हणून दादांना पुढं बसावं लागलं आणि गाडी चालवणाऱ्या धाकट्याला ते सोसावं लागलं.

"अगं, त्याला सांग, पुढच्या चौकात डावीकडं," दादा समोर बघत म्हणाले.

"भाऊजी, डावीकडं," वहिनी मागून म्हणाली.

"वहिनी, त्याला सांग, मला ऐकू येतं."

"अहो, त्यांना ऐकू येतं."

"मग वळत का नाही?"

"कारण चौक अजून यायचाय!" हा निरोप कुणाचाच नव्हता. तो वहिनीचा स्वतःचा होता.

दादांचं वय चौऱ्याहत्तर, धाकट्याचं त्रेसष्ट. मध्ये आक्का, एकाहत्तर. दादांचं शिंप्याचं दुकान, बाबांच्या हाताखालून आलेलं. धाकट्याचं तयार कपड्यांचं दुकान, त्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला. ते त्यानं दादांना खिजवायलाच काढलं असं सगळे म्हणत, आणि त्यानं कधी नाकारलंही नाही. गाडीत बसल्यावर दादांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर शेजारच्या सदऱ्याकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि हवेत नखानं एक तिरकी रेघ ओढली. तिरकी रेघ म्हणजे इतकं आत घ्या. त्यांच्या दुकानातल्या प्रत्येक कारागिराला ती रेघ कळायची.

"अगं, त्याला सांग, काखेत दोन बोटं जास्त आहे."

"मी नाही सांगणार," वहिनी म्हणाली.

भांडण दवाखान्यात झालं होतं. धाकट्याची साखर वाढली, दादा काळजीनं बरोबर गेले. डॉक्टर नवा होता, पोरसवदा. त्यानं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? दादांना होती, आक्काला होती, आईला होती. पण दादांच्या जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांना आहे हो, पण याचा काय संबंध? हा कापडाच्या गठ्ठ्यातून आलेला." डॉक्टरनं गंभीरपणे मान हलवली आणि कागदावर लिहिलं: दत्तक.

पंचावन्न वर्षांहून जास्त काळ जे तोंडी चाललं होतं ते पहिल्यांदाच कागदावर आलं.

गंमत जुनीच होती. धाकटा सात वर्षांचा असताना त्यांचं बिऱ्हाड हललं. नव्या खोलीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दादांनी आणि आक्कानं त्याला सांगितलं, तू गठ्ठ्यातला. गिरणीतून कापडाचा गठ्ठा आला, बाबांनी सोडला, तर आत तू. पुरावा? बाबांच्या टेबलाखाली बघ. बाबांना आकडे येत नसत. ते दोऱ्यानं माप घेत, आणि घरच्या माणसांचं माप टेबलाच्या आतल्या पट्टीवर कात्रीच्या टोकानं खाच पाडून ठेवत. दर माणसाची एक ओळ. आईची ओळ ठिपक्यानं सुरू व्हायची, दादांची एका रेघेनं, आक्काची दोन रेघांनी. तीन रेघांची ओळ नाहीच. आता बघायला कसं जाणार? टेबल तर जुन्या घरी राहिलेलं. दारातून ते निघालंच नाही.

धाकट्यानं एकदा बाबांनाच विचारलं होतं. बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला बोलता येत नाही आणि हसताही येत नाही. त्यांनी मान हलवली, ती हो अशीही होती आणि नाही अशीही. धाकट्यानं पुन्हा विचारलं नाही. जन्माचा दाखला होता, नाक बाबांचं होतं, घोरणंसुद्धा बाबांचं होतं. सगळं कळत होतं त्याला. तरीही.

मग गेल्या आठवड्यात वहिनीनं वर्तमानपत्र त्याच्यापुढं टाकलं. ते जुनं घर सरकारनं दुरुस्त करून लोकांसाठी उघडलं होतं, कारण बाबांनी पुढची खोली भाड्यानं घेण्याच्या कितीतरी आधी देशाचे एक मोठे नेते त्याच घरात लहानाचे मोठे झाले होते. फोटोत दोरीच्या पलीकडं टेबल उभं होतं. खाली छापलं होतं: याच टेबलावर त्यांनी अभ्यास केला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली होती, "एकदा बघून टाका आणि मोकळे व्हा."

*

खोली लहान झाली होती, असं आक्काला वाटलं. भिंती पिवळट रंगवल्या होत्या. जिथं खिळ्याला गिऱ्हाइकांच्या मापांचे दोरे लोंबायचे तिथं आता नेत्यांची तसबीर होती. खडूचा आणि गरम कापडाचा वास गेला होता, त्या जागी ताज्या रंगाचा वास. पण टेबल तेच. तेवढंच उंच, तेवढंच आडदांड, भिंतीशी अडून बसलेलं.

आत आणखी एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं आणि वहीत टिपणं काढणारे एक निवृत्त मास्तर. दारात स्टुलावर पहारेकरी. माहिती सांगणारी मुलगी चुणचुणीत होती, हातात काठी, गळ्यात ओळखपत्र.

"वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत ते या घरात राहिले," ती म्हणाली. "हे टेबल बघा. दारापेक्षा हातभर रुंद आहे. म्हणजे ते बाहेरून आत आलेलं नाही आणि आतून बाहेर गेलेलं नाही. त्यामुळं ते मूळचंच आहे, याबद्दल अभ्यासकांना अजिबात शंका नाही."

आक्कानं वहिनीचा दंड दाबला. बाबांनी फळ्या आणून सुताराकडून ते खोलीतच जोडून घेतलं होतं. तिनं स्वतः सुताराला खिळे उचलून दिले होते.

"अकरा वर्षांच्या मुलाला हे उंच नाही व्हायचं?" मास्तरांनी विचारलं.

"ते उभं राहून वाचायचे," मुलगी म्हणाली.

"वा," मास्तर म्हणाले आणि लिहून घेतलं.

"हा त्रिकोणी डाग बघा. एकदा वाचता वाचता त्यांचा डोळा लागला आणि दिवा कलंडला."

"दिवा त्रिकोणी होता का?" दादांच्या तोंडून निघून गेलं.

"जुन्या काळी वेगवेगळ्या आकाराचे दिवे असत, काका."

दादा लाल झाले. शेजारी कोण आहे हे विसरून ते कुजबुजले, "त्या डागासाठी मी दोन थोबाडीत खाल्ल्यात रे. इस्त्री विसरलो होतो मी."

धाकट्याला हसू फुटणार होतं. मग त्याला दत्तक आठवलं आणि त्यानं ओठ आवळले.

"आणि या कडेवरच्या खाचा. एक पुस्तक वाचून झालं की ते एक खाच पाडत."

मास्तरांनी मोजल्या. "चौदाच?"

"मोठी पुस्तकं होती," मुलगी म्हणाली.

आक्काला हे सगळं इतकं आवडलं की आपण कशासाठी आलो हेच ती विसरली. तिनं धाकट्याकडं पाहिलं तेव्हा आठवलं. तो काहीच ऐकत नव्हता. टेबलाच्या पायाकडं बघत होता, आणि हात मागं बांधून असा उभा होता जसा शाळेचा निकाल लागायच्या दिवशी उभा राहायचा. ही गंमत आपण याच्याशी किती वर्षं केली, आक्काच्या मनात आलं, आणि हा अजून त्या गमतीच्या आतच उभा आहे.

तिनं वहिनीच्या कानाला तोंड लावलं. "काय ठरलंय तुमचं?"

"मी चक्कर येऊन पडते. आतल्या खोलीत. तोवर भाऊजी खाली वाकतात."

"तुला पडता येतं का नीट? माझ्या लग्नात रडायचं होतं तेव्हाही तुला हसू आलं होतं."

"आक्का, तुम्ही त्यांच्या बाजूच्या की आमच्या?"

आक्का आजवर दादांच्या बाजूची होती. गठ्ठा ही कल्पना दादांची, पण त्यात गिरणी तिनं घातली होती. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आजपुरती तुमची," ती म्हणाली.

"काय कुजबुजताय?" दादा मध्ये आले. "कुणी दोरी ओलांडायची नाही. सरकारी वस्तू आहे. धरून नेतात."

"तुम्हाला काय झालंय?" वहिनी म्हणाली. "कालपर्यंत म्हणत होता, टेबल आमचं आहे, मी त्याच्यावर बसून फोटो काढणार."

 दादा टेबलासमोर जाऊन उभे राहिले, पाठ टेबलाकडं करून.

*

दादांना माहीत होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं, फक्त त्यांना.

घर सोडलं त्या दिवशी टेबल बाहेर काढायला सात तऱ्हा करून झाल्या होत्या. आडवं, उभं, तिरकं. शेवटी ते उलटं करून खोलीच्या मधोमध ठेवलं, पाय वर. धाकट्याला शेजारी पाठवला होता, मध्ये मध्ये करतो म्हणून. अठरा वर्षांच्या दादांनी सहज ओळी बघितल्या. ठिपका. एक रेघ. दोन रेघा. पुढं कोरं लाकूड. त्यांनी पुन्हा बघितलं. मग बाबा म्हणाले, राहू दे, नवं करू, आणि सगळ्यांनी मिळून ते पुन्हा सरळ केलं.

गंमत तिथून निघाली होती. एखादी गोष्ट मनात टोचत असली की दादा तिची गंमत करत, म्हणजे ती मोठ्यानं बोलता येते.

आतल्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, "अगं बाई, मला कसंतरीच होतंय," आणि पाठोपाठ धप्प. पडणं चांगलं जमलं होतं. मुलगी धावली. पहारेकरी स्टूल घेऊन धावला. आक्का जोडप्याला आणि मास्तरांना "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या" करत हाकलत घेऊन गेली. मास्तर जाता जाता विचारत होते, "नेत्यांनाही इथं चक्कर यायची का?"

खोलीत दोघेच उरले.

धाकट्यानं दोरी उचलली. दादांनी त्याचा दंड धरला.

"नको जाऊस."

तीन आठवड्यांतलं ते पहिलं सरळ वाक्य, भान ठेवून बोललेलं.

"का?"

"गुडघे दुखतील."

"कुणाचे?" धाकटा म्हणाला आणि खाली बसला. मग हातावर, मग कुशीवर, आणि अखेर पाठीवर पडून देशाच्या नेत्यांच्या टेबलाखाली सरकला. त्यानं मोबाईलची बॅटरी लावली.

खाली धूळ नव्हती. सरकारनं तिथंही पुसलं होतं. ठिपका त्याला लगेच सापडला. आईची ओळ आखूड, आई लहानखुरी होती. मग एक रेघ, दादांची ओळ, खाचाच खाचा, दर वर्षाची निराळी. मग दोन रेघा. मग त्यानं बॅटरी पुढं नेली. मागं आणली. दुसऱ्या बाजूची पट्टीही बघितली, ती तर सपाटच होती. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, दुकानाचा मालक, तिथं पाठीवर पडून राहिला.

"दादा, तीन रेघा नाहीत."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"निघालो त्या दिवसापासून."

"मग बाबांना का नाही विचारलंस?"

दादांना फक्त त्याचे बूट दिसत होते. बुटांशी बोलणं सोपं गेलं. "भ्यायलो. ते हो म्हणाले असते, तर तुला परत द्यावं लागलं असतं."

बुटांची टोकं एकमेकांना टेकली.

"गठ्ठ्यात घालून?" आतून आवाज आला.

"गठ्ठा कधीच टाकून दिला होता रे."

दादांनी दाराकडं पाहिलं. आत वहिनी कण्हत होती आणि आक्का तिला जरा जास्तच वारा घालत होती. दादांनी एक हात टेबलावर टेकला, आईगं म्हटलं, आणि तेही खाली गेले. दोन म्हातारे आता खांद्याला खांदा लावून पडले होते, वर लाकूड.

"सरक तिकडं. उजेड इकडं धर. तुझे डोळे तयार कपड्यांचे आहेत, तुला काय दिसणार?"

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठा लाकडावरून फिरवायला सुरुवात केली. कापड बघताना ते असंच करत. आईच्या ओळीवरून अंगठा गेला. आपल्या ओळीवर आला. एका जागी थांबला. मागं आला, पुन्हा थांबला.

"हे बघ."

"खाच आहे. तुझी."

"ही सरळ आहे ती माझी. सातव्या वर्षाची छाती. तिच्या अलीकडं बघ. दोन बोटांवर."

एक बारीक खाच होती. तिरकी.

"ही कंबर. अलीकडं तिरकी. ही लांबी, तिथंही तिरकी. आठव्या वर्षाचं हे, त्यालाही." दादांचा श्वास जोरात चालला होता. "तुला कधी नवा सदरा शिवला होता बाबांनी?"

"कधीच नाही. तुझेच जुने घालायचो. तेच तर म्हणतोय मी."

"मग तुझी वेगळी ओळ कशाला पाडतील? माझा सदरा काढायचे, तुझ्या अंगाला लावून बघायचे आणि आत घ्यायचे. तिरकी रेघ म्हणजे आत घ्या. मी रोज मारतो रे ती, रोज! कुठून शिकलो? पण तेव्हा मला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी रेघा मोजल्या फक्त."

धाकट्यानं अंगठा लावला. तिरक्या खाचा लाकडात जरा खोल होत्या. त्यानं एकेक मोजली. नऊ होत्या. सगळ्या दादांच्या ओळीत, दादांच्या खाचांना बिलगून.

"म्हणजे मी तुझ्यातच होतो," तो म्हणाला.

"दोन बोटं कमी."

"काका!" मुलीचा आवाज टेबलावर आदळला. "बाहेर या! दोघंही बाहेर या!"

*

बाहेर येणं आत जाण्याइतकं सोपं नव्हतं. पहारेकऱ्यानं दादांना काखेत धरून ओढलं, धाकट्याला मास्तरांनी. वहिनी दारात उभी होती, चक्कर पार विसरून. आक्का तिला मागून काठीनं ढोसत होती, पण आता काय उपयोग?

"तुम्हाला कळतं का हे काय आहे?" मुलगी काठी आपटत म्हणाली. तिची नोकरी नवी होती, वरिष्ठांना काय सांगायचं हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "खाली काय करत होता?"

दादांनी छाती पुढं काढली. डाग, खाचा, सुतार, थोबाडीत, सगळं त्यांच्या ओठावर आलं होतं. "बाई, हे टेबल..."

धाकट्यानं त्यांचा हात दाबला. "खाली पण खाचा आहेत," तो म्हणाला. "ते बघत होतो."

मुलीचा राग जागच्या जागी थांबला. ती गुडघ्यावर बसली, बॅटरी लावली, आणि टेबलाखालून तिचा आवाज आला, "अरे देवा. कितीतरी आहेत! हे तर कुणीच नोंदवलेलं नाही. पण पुस्तकांच्या खाचा वर असताना ह्या खाली कशाला पाडल्या असतील?"

 मास्तर पेन धरून वाट बघत होते.

"चोरून वाचलेली असतील," आक्का म्हणाली.

मास्तरांनी लिहून घेतलं.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. तिनं दोघांना माफ केलं, पहारेकऱ्याला पाणी आणायला पाठवलं, आणि निघताना आक्काला "आजी, सावकाश" म्हटलं, जे आक्काला अजिबात रुचलं नाही.

पायऱ्या उतरताना दादा फणफणत होते. "मला बोलू का दिलं नाहीस? आपलं टेबल! माझी इस्त्री! बाबांचा हात!"

"आणि घरी आणून काय केलं असतंस?"

"ठेवलं असतं."

"मी सांगते काय झालं असतं," वहिनी म्हणाली. "त्याच्यावर मिक्सर आला असता. मग औषधांचे डबे. मग मीच भंगारवाल्याला बोलावलं असतं."

"इथं पहारेकरी आहे," धाकटा म्हणाला. "रोज पुसतात. खालूनसुद्धा." तो शेवटच्या पायरीवर थांबला. "दादा."

"काय?"

"माप घे माझं."

"आत्ता?"

"तयार सदरा काखेत दोन बोटं जास्त आहे म्हणालास ना?"

दादांच्या खिशात टेप नसेल असा दिवस उजाडला नव्हता. त्यांनी ती काढली आणि तिथंच, तिकिटाच्या रांगेसमोर, धाकट्याला हात वर करायला लावले. छाती घेतली. खांदा घेतला. रांगेतले लोक माना वळवून बघू लागले. धाकटा ऊन डोळ्यांवर घेऊन ताठ उभा होता, नको इतका ताठ.

"पोट आत ओढू नकोस."

"ओढत नाही."

"लेका, चाळीस वर्षं मापं घेतोय मी. सोड."

त्यानं सोडलं. दादांनी टेप बघितली, मग त्याच्याकडं बघितलं, आणि आकडा मोठ्यानं सांगितला नाही. लिहायला त्यांच्याकडं पेन होतं. ते त्यांनी काढलं नाही. खिशातून तिकीट काढलं आणि त्याच्या कडेवर अंगठ्याच्या नखानं खाचा पाडल्या. कंबरेची खाच तिरकी होती. पण बाबांची तिरकी आत झुकायची, ही बाहेर झुकली होती.

"किती?" आक्कानं विचारलं.

"चार बोटं जास्त," दादा म्हणाले. "माझ्यापेक्षा."

सगळे गाडीत बसले. चौक आला, धाकट्यानं आपणहून गाडी वळवली. दादांनी तिकीट चष्म्याच्या घरात जपून ठेवलं आणि घर मिटलं.

"उद्या सकाळी दवाखान्यात चल," ते सरळ धाकट्याला म्हणाले. "तो कागद दुरुस्त करून घ्यायचाय."

"काय सांगणार डॉक्टरला?"

दादांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

"सांगेन, साखर आमचीच आहे."